येसर त्याला, पिठलं मला

लिहिताच आहात तर चांगलं लिहा, असं माझ्या बायकोनं बजावलं आहे. तिच्या मते त्याच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाहीच. माझी तक्रार नेमकी तीच आहे. ह्या माणसाला मी शाळेच्या पहिल्या दिवसापासून ओळखतो. त्याचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. पण काहीतरी साधारण व्हावं, चारचौघांसारखं व्हावं, ह्याची मी आयुष्यभर वाट पाहिली. ते शेवटी झालं. त्या दिवशी तो माझ्याच घरी जेवायला बसला होता.

सगळे त्याला कप्तान म्हणायचे. आमचं गाव रेणापूर तालुक्यातलं. गावात विमान चालवणारा एकच, त्यामुळे त्याच्या नावाची कुणाला गरज उरली नाही. गावातला पहिला बी.एस्सी. बी.एड. मी. पण मास्तर प्रत्येक गल्लीत एक असतोच, तेव्हा मला लोक नावानंच ओळखतात, तेही चुकीच्या.

शाळेत गणितात मी पहिला यायचो आणि तो दुसरा. हे मी त्याच्या प्रत्येक सत्काराला शेजारी बसलेल्या माणसाला सांगितलं आहे. चौथीत ज्वारीच्या धाटांचं विमान मी केलं होतं, पंखांसकट, शेपटीसकट. त्यानं ते फक्त मारुतीच्या पारावरून फेकलं. ते उडालं आणि गावभर झालं की ह्यानं विमान उडवलं. तेव्हापासून हे असंच चालत आलं आहे. पुढे सहावीत मला चष्मा लागला, त्याला लागला नाही. त्याचे मामा हैदराबादला होते, माझे औशाला. एवढे दोन फरक सोडले तर आमच्यात काही फरक नव्हता.

सुट्टीला तो नांदेडला यायचा. बायकोचं माहेर तिथलं, म्हणून विष्णुपुरीला धरणाच्या पाण्याकडे तोंड करून त्यानं घर बांधलं होतं. त्याची बायको माहेरच्या माणसांत रमायची आणि हा एकटाच गाडी काढून लातूरला आमच्याकडे यायचा. येताना अत्तर नाही, चॉकलेट नाही, परदेशातलं काही नाही. हात हलवत यायचा आणि तरी माझी बायको दारात उभी असायची.

त्याच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसण्याआधी, वैमानिक उड्डाणाआधी विमानाभोवती मारतात तशी, तो तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचा. टायर दाबायचा, आरसा हलवून बघायचा, खाली वाकून तेल गळतंय का ते बघायचा, मला ब्रेक दाबायला लावून मागचा दिवा पेटतो का ते बघायचा. मग म्हणायचा, "हां, चल." हे बघायला आमच्या गल्लीतले लोक बाहेर येऊन उभे राहत. एकदा त्याला मागच्या टायरात खिळा सापडला. चार दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. त्याच स्कूटरवर मी वर्षानुवर्षं दोन पोरं, दळणाचा डबा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहिले, त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

त्याचं घड्याळ लंडनच्या वेळेला लावलेलं असायचं. वैमानिकांची सगळी कामं म्हणे त्याच वेळेवर चालतात. चालत असतील, पण लातूरला ते कशाला? भर दुपारी बारा वाजता वेळ विचारली तर हा शांतपणे साडेसहा सांगायचा. माझ्या पुतणीच्या लग्नात भटजींनी ह्यालाच वेळ विचारली. ह्यानं सांगितली. भटजी दचकले, घाईघाईनं पंचांग उघडून बसले आणि मुहूर्त चुकायची वेळ आली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर पाहुण्यांनी त्याला मांडवाबाहेर काढलं असतं. कप्तानानं केलं म्हणून ती गंमत झाली, आणि त्या लग्नाची आजही तेवढीच एक आठवण लोक सांगतात.

बसायचं ते नेहमी डावीकडे. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो आणि उजवीकडे त्याचा हाताखालचा, को-पायलट. आमच्या ओसरीवरच्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, दोघं मावतात. तिथं डावी बाजू त्याची. पंगतीत माझ्या डाव्या हाताला तो. सलूनमध्ये दोन खुर्च्या असल्या आणि उजवीकडची मोकळी असली तरी हा थांबायचा.

आणि कुणीही काही सांगितलं की ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. वर विमानात खालून आलेला हुकूम परत म्हणून दाखवावा लागतो, म्हणजे ऐकण्यात चूक झाली नाही हे सांगणाऱ्याला कळतं. माझी बायको सांगायची, "भावजी, गोलाईच्या बाजारातून येताना अर्धा किलो तूरडाळ आणा. फटका आणा, पॉलिशची नको."

"अर्धा किलो तूर. फटका. पॉलिशची न्हाई."

"बघा," ती माझ्याकडे वळून म्हणायची, "ह्याला ऐकून घेणं म्हणतात."

आता मूळ दुखणं सांगतो. विमानात कॅप्टन आणि को-पायलट एकच जेवण जेवत नाहीत. जेवणातून विषबाधा झाली तर दोघं एकदम आडवे पडायला नकोत, एक तरी शुद्धीवर पाहिजे, म्हणून दोघांना वेगवेगळं वाढतात. हे तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं आम्हाला सांगितलं. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बायकोनं येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी आमच्याकडे लग्नाकार्यात होते आणि तिच्यासाठी मी उपाशी राहायला तयार असतो. ही हकीकत सांगून तो म्हणाला, "वहिनी, मी येसर घेतो. ह्याला दुसरं काय बी द्या."

नव्या नवरीला ते इतकं आवडलं की ती उठली आणि माझ्यासाठी पिठलं टाकून आली.

तेव्हापासून तो आला की आमच्या घरात दोन जेवणं होऊ लागली. आणि निवड कॅप्टनची. येसर त्याला, पिठलं मला. धपाटे त्याला, पोळी मला. वरणफळं त्याला, खिचडी मला. "काय खाणार?" हा प्रश्न माझ्या बायकोनं मला अख्ख्या संसारात विचारला नाही, त्याला मात्र तो नांदेडहून निघाल्यावर फोन करून विचारायची. मी एकदा म्हणालो, आपण जमिनीवर आहोत, इथं कोण पडणार आहे? तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "सवय मोडली की माणूस चुकतंय, मास्तर." बायकोनं मान डोलावली आणि त्याच्या वाटीत अजून एक पळी येसर घातलं.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. नियमच तसा आहे. आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा साठला निवृत्त होतो, पण गणित शिकवणाऱ्याचं डोकं सरकारच्या हिशेबानं दोन वर्षं आधी संपतं. आमच्याकडे सेवापूर्तीचा सोहळा म्हणजे दुसरं लग्नच. माझा फोटो असलेला फ्लेक्स शाळेच्या गेटवर लागला होता. शाल, श्रीफळ, फेटा, सासुरवाडीचा आहेर, बुंदी-पुरीचं जेवण. मी नवा सफारी शिवला होता. मुख्याध्यापकांचं भाषण अर्ध्यावर आलं, माझ्या डोळ्यांत पाणी यायला नुकतीच सुरुवात झाली, आणि दारातून कप्तान आला. गणवेशात. थेट विमानतळावरून.

सगळा हॉल वळला. मुख्याध्यापक म्हणाले, आपल्या परिसराचं भूषण असलेल्या कॅप्टनसाहेबांनी दोन शब्द बोलावेत. त्यानं माईक घेतला आणि ढगांतून विमान कसं आणलं ते सांगितलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "अठ्ठावन्न म्हणजे काय वय हाय का? आमच्यात मला अजून सात वर्षं हायत." टाळ्या त्यालाच पडल्या. नंतर पोरं त्याच्याबरोबर फोटो काढत होती आणि मी फेटा सांभाळत एका कोपऱ्यात उभा होतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचा फोटो आला, मी शेवटच्या ओळीत होतो, "आदींची उपस्थिती होती" च्या जरा आधी.

त्या दिवसापासून त्याची ती सात वर्षं मी मोजायला लागलो. तो मोजत नव्हता, म्हणून कुणीतरी मोजणं भाग होतं. मला फार काही नको होतं. त्यानं एकदा माझ्यासारखं सकाळी पेपर दुसऱ्यांदा वाचायला घ्यावा, एवढंच. मग बायकोनं "जरा उठा, झाडायचंय" म्हणावं आणि त्यानं पाय वर घ्यावेत.

सात वर्षं सरत आली आणि एके सकाळी तो पेपर मी पहिल्यांदाच वाचत असताना बातमी दिसली. जगभरातल्या विमान कंपन्यांनी मागणी केली होती की वैमानिकांना पासष्टऐवजी सदुसष्टपर्यंत उडू द्यावं. वैमानिक कमी पडताहेत आणि माणसं आता धडधाकट राहतात, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या देशांची परिषद भरणार होती, तिथं मतदान होणार होतं. त्याचा पासष्टावा वाढदिवस त्या परिषदेनंतर थोड्याच दिवसांनी. माझा चहा गार झाला. अजून दोन वर्षं! शिपायाची दोन, ह्याची दोन, सगळ्या जगाला दोन-दोन वर्षं जास्त आणि मला एक दिवस नाही.

गोलाईच्या मागे एका मास्टरांचं शिलाईचं दुकान आहे. माझा सफारी त्यांनीच शिवला आणि कप्तानाच्या गणवेशाची कंबरही तेच कमीजास्त करतात. दर सहा महिन्यांनी त्याची वैद्यकीय तपासणी असायची. त्याआधी तो गोड सोडायचा, पहाटे विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर चालायचा, कंबर उतरायची आणि पँट घेऊन मास्टरांकडे यायचा. मास्टर आमच्याहून दहा वर्षांनी तरी मोठे. त्यांच्या दुकानातल्या बाकावर आमचं ह्या विषयावर खरं भांडण झालं.

"हार्ट अटॅक चाळिशीतल्याला येत न्हाई का?" कप्तान म्हणाला. "दर सहा महिन्याला माझं रक्त, डोळं, कान, छाती बघतेत. वर खोट्या विमानात बसवून इंजिन बंद पाडतेत अन् म्हणतेत, उतरव आता. मी उतरवतो. तरी त्या नियमाला माझी जन्मतारीखच दिसून राहिली. तुला, मास्तर, अख्ख्या नोकरीत एकदा तरी तपासलं का कोणी?"

"मला रोज साठ पोरं तपासत होती."

"मंग अठ्ठावन्नला तुझं गणित बिघडलं होतं का?"

"नव्हतं. म्हणूनच म्हणतो. मी काय घोडं मारलं होतं? मला घरी बसवलं तेव्हा तू माईकवर हसत होतास. आता तुझी पाळी आली तर नियम वाईट?"

मास्टरांनी पँट उलटी केली, तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोवल्या आणि म्हणाले, "साब, आमच्यात वय कोन पूछता? टाका वाकडा गेला की गिऱ्हाईक यायचं बंद होतंय. बस."

"हेच सांगून राहिलो मी," कप्तान एकदम ताठ बसला. "माझा टाका बघा म्हणा. वय नका बघू."

"तुझा टाका वाकडा गेला तर तक्रार करायला गिऱ्हाईक उरंल का?" मी म्हणालो.

मास्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आयुष्यात एकदा मी कप्तानाला चारचौघांत गप्प केलं, ते ह्या दुकानात. घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात तीनदा म्हणून बघितलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्या जिवाला किती लागलं असंल."

खरंच लागलं असावं. कारण पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्यानं स्वतःहून विषय काढला. आम्ही बंगईवर बसलो होतो, तो डावीकडे. म्हणाला, "मला पैसा नको, मास्तर. मानपान नको. सकाळी वर गेलं की ढगाच्या वर एक येळ येते. खाली समदं अंधारात असतंय अन् आपल्यावर ऊन पडतंय. मला अजून थोडे दिवस ते पाहिजे." मला त्याच्या ह्या वाक्याचासुद्धा हेवा वाटला. निवृत्त होताना मला असं काहीच सांगता आलं नव्हतं. मी म्हणालो होतो, सर्वांचे आभार.

त्याच महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. अर्धापूरची, वडिलांच्या केळीच्या बागा. बारावीला लातूरला शिकायला राहिली होती आणि मी तिला गणित शिकवलं होतं. आता ती एका कंपनीत को-पायलट होती. केळीची फणी आणि पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली. माझ्या हाताखालून गेलेली पोरगी विमान चालवते, हे मी कप्तान समोर बसलेला असताना दोनदा मोठ्यानं म्हणालो.

त्यानं तिला विचारलं, "तुला काय वाटतंय? सदुसष्ट करावं का न्हाई?"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "सर, राग नका धरू. तुमचे रिपोर्ट चांगले हायत. माझे बी चांगले हायत. डावीकडची सीट एकच हाय. तुम्ही दोन वर्षं थांबलात की मी दोन वर्षं उजवीकडं थांबले."

बंगईची कडी कुरकुरायची थांबली. माझ्या छातीत असा काही आनंद झाला की मी केळ सोलायला घेतलं. माझ्या विद्यार्थिनीनं ते बोलून दाखवलं होतं, तेही त्याच्या तोंडावर, माझ्याच ओसरीवर. पण तो काही चिडला नाही. तिच्याकडे बघून म्हणाला, "बरोबर हाय तुझं. माझं बी बरोबर हाय. मोठी पंचाईत हाय बघ."

त्यानंतर जे झालं ते मी विसरू शकत नाही. त्यानं स्वयंपाकघरातून दोन ताटल्या, चार झाकण्या आणि लाटणं मागवलं, ओसरीवर मांडलं आणि आडव्या वाऱ्यात विमान कसं उतरवायचं ते तिला दाखवायला लागला. ती मांडी घालून बसली, तिला कशाचं भान राहिलं नाही. वर्षभर मी हिला कॅल्क्युलस शिकवलं, ही खिडकीबाहेर बघायची. आणि आता माझ्याच घरातल्या लाटण्याकडे अशी बघत होती की बायकोला पोळ्या थांबवाव्या लागल्या.

जेवायला बसलो. बायकोनं येसर आणि पिठलं, दोन्ही केलं होतं. कप्तान म्हणाला, "मला येसर." पोरगी लगेच म्हणाली, "मग काकू, मला पिठलं." कुणी सांगावं लागलं नाही. दोघंही एकमेकांकडे बघून हसले. बायको पळी हातात धरून थांबली. "आणि ह्यांना?"

"त्याला कायबी चालतंय," कप्तान म्हणाला. "तो पॅसेंजर हाय."

सगळे हसले. मीही हसलो. इतकी वर्षं मी पिठलं गिळत आलो, कुरकुरत गिळलं, पण त्या पिठल्यामुळे मी त्याच्या उजवीकडे बसलेला माणूस होतो, हे मला त्या दिवशी कळलं. आता तीही जागा गेली होती. बायकोनं मला येसरही वाढलं आणि पिठलंही, आणि मला दोन्हींची चव लागली नाही.

परिषद झाली. मतदानात सदुसष्टची मागणी फेटाळली गेली. पेपरात आतल्या पानावर चार ओळींत ते आलं होतं. मी त्या ओळी बायकोला वाचून दाखवल्या. माझ्या आवाजात काहीतरी असणार, कारण ती ऐकता ऐकताच उठून गेली.

त्याच्या शेवटच्या उड्डाणाचा व्हिडिओ तिच्या फोनवर आला. विमान उतरल्यावर दोन्ही बाजूंनी अग्निशमनच्या गाड्या पाण्याचे फवारे उडवतात आणि त्या कमानीखालून विमान सावकाश येतं. बायकोनं तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना दाखवला. माझ्या सेवापूर्तीला हॉलमधला पंखा बंद पडला होता. व्हिडिओच्या शेवटी तो विमानाच्या पायऱ्या उतरताना दिसतो. खाली आल्यावर त्यानं विमानाकडे वळून बघितलं, नाकापासून चालायला सुरुवात केली आणि फेरी पूर्ण न करताच थांबला. तिथं व्हिडिओ संपतो.

गावाला त्याचा मोठा सत्कार करायचा होता. त्यानं नको म्हणून सांगितलं. विष्णुपुरीहून बाहेर पडेना. फोन उचलेना. शेवटी माझ्या बायकोनं निरोप धाडला की येसर केलंय, येऊन जा. मग तो आला.

मी मुद्दाम गेटपाशी उभा होतो. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते मला नीट बघायचं होतं. त्यानं गाडी लावली, उतरला आणि सरळ आत आला. मी म्हणालो, मास्टरांकडे जायचंय, स्कूटर काढू का? तो काही न बघता मागे बसला. मी थांबलो, त्याला वेळ दिला. तो म्हणाला, "चल की." पुढच्या चाकात हवा कमी होती, मला माहीत होतं. त्यानं टायरला हात लावला नाही.

मास्टरांनी त्याच्या गणवेशाची पँट घडी करून ठेवली होती, ती दिली. त्यांनी विचारलं, "साब, वक्त काय झाला?" कप्तानानं घड्याळ बघितलं आणि साडेबारा सांगितले. साडेबाराच वाजले होते.

परत येताना बायकोचा फोन आला म्हणून मी स्कूटर बाजूला घेऊन फोन त्याच्याकडे दिला. तिनं काहीतरी आणायला सांगितलं असावं. तो नुसतं "हं" म्हणाला. घरी पोचल्यावर कळलं की कोथिंबीर सांगितली होती, आणि आम्ही ती आणलीच नव्हती. बायको काही बोलली नाही. मी विसरलो असतो तर बोलली असती.

बंगईवर तो उजवीकडे बसला. मला कुठं बसावं तेच कळेना. मी आत जाऊन पाटावर बसलो, मग तोही माझ्या मागून आला आणि माझ्या उजव्या हाताला पाट ओढून बसला.

बायकोनं दोन भांडी आणून ठेवली. एकात येसर, एकात पिठलं. वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ती त्याच्याकडे बघत होती. "भावजी, काय वाढू?"

"काय बी वाढा, वहिनी. आधी ह्याला वाढा."

आधी मला. माझ्या घरात, माझ्या ताटात, त्याच्या देखत, येसर त्याच्याआधी मला मिळणार होतं. मी बायकोकडे बघितलं आणि म्हणालो, "येसर." तिनं वाटी भरली. वर तेलाचा लाल तवंग होता. मी भाकरी कुस्करली, हात वाटीकडे नेला.

"मला बी तेच वाढा," कप्तान म्हणाला. "ह्याचं तेच."

बायकोची पळी तशीच राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि माझ्या सेवापूर्तीला ते आलं नव्हतं हे मला तेव्हाही आठवलं. मी त्याच्याकडे बघितलं. ताटाकडे मान घालून बसलेला एक म्हातारा होता, माझ्याच वयाचा, माझ्याच उंचीचा. अंगावर माझ्यासारखाच चुरगळलेला सदरा. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. आणि मला इतकं वाईट वाटलं की त्या वाईट वाटण्याचाच राग आला. ह्या माणसाचा हेवा करण्यात मी आयुष्य घालवलं. हा असा बसणार असेल तर मी आता करायचं काय?

मी माझी वाटी उचलली आणि त्याच्या ताटात ठेवली.

"मला पिठलं वाढ," मी बायकोला म्हणालो.

"अहो, येसर भरपूर आहे. दोघांना पुरंल."

"पुरायचा प्रश्न नाही. दोघांनी एकच खाल्लं आणि दोघंही आडवे झालो, तर उतरवणार कोण?"

बायकोनं माझ्या ताटात पिठलं वाढलं. नेहमीसारखंच त्यात मीठ जरा कमी होतं. कप्तान वाटीकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली.

"येसर मला," तो म्हणाला. "पिठलं तुला."

"बरोबर."

तो उठला, आपलं ताट उचललं, पाट पायानं सरकवत माझ्या मागून फिरला आणि माझ्या डावीकडे येऊन बसला.